‘डू’ कुठून आलं, हे त्या मुलांना कुणी सांगितलंच नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरमध्ये परदेशी विद्यार्थ्यांबद्दल वाचकांची पत्रं अधूनमधून येतात, घरभाडं, पार्किंग, रात्रीचा आवाज, बहुतेक असंच काहीतरी. मला आज त्यांच्या इंग्रजीबद्दल लिहायचंय, तेही फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलांच्या, आणि त्यातही फक्त सहायक क्रियापदांबद्दल, म्हणजे डू, हॅव, बी, कॅन, मस्ट, विल, वुड ही जी छोटी छोटी मंडळी आहेत ना त्यांच्याबद्दल. विषय फारच बारीक वाटेल, पण या बारीक शब्दांपायी मुलांची हजेरी जातेय, मार्क जातायत आणि चारचौघांत मान खाली जातेय, म्हणून पूर्ण वाचा ही विनंती.

मी आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात फ्रेंच शिकवलं. रिटायर झाल्यापासून दर रविवारी सकाळी माझ्या घरी पाच-सहा मुलं येतात, कुणी आयव्हरी कोस्टचं, कुणी काँगोचं, एक मुलगी बुरुंडीची, एक मादागास्करची, कोंढव्याहून दोन बस बदलून सदाशिव पेठेत येतात. कुणी बीसीए करतंय, कुणी फार्मसी. फी वगैरे काही नाही, पोहे होतात आणि दोन तास इंग्रजी होतं. म्हणजे मी जे सांगतेय ते डायनिंग टेबलवर बसून डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आधी एक गोष्ट सांगते. किन्शासाचा एक मुलगा, गेल्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला, चार दिवस ॲडमिट होता. बरा झाल्यावर त्याने कॉलेजच्या ऑफिसला हजेरीसाठी मेल केला आणि त्यात लिहिलं, ‘आय मस्ट हॅव गॉन टू द हॉस्पिटल ऑन मंडे’. ऑफिसमधल्या माणसाने वाचलं आणि सगळ्यांसमोर विचारलं की अरे तू दवाखान्यात गेला होतास की नाही हे तुझं तुलाच माहीत नाही का, ‘गेलो असणार’ म्हणजे काय. मुलाला कळेचना की आपलं काय चुकलं, तो परत परत तेच वाक्य बोलत राहिला, आणि शेवटी अर्जावर ‘माहिती संशयास्पद’ असा शेरा पडला. रविवारी माझ्याकडे आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. वीस वर्षांचं पोर, घरापासून इतकं लांब, नुकतं तापातून उठलेलं.

आता चूक कुठे झाली ते बघा. फ्रेंचमध्ये ‘दव्वार’ असं एक क्रियापद आहे, आपलं ‘लागणं’ आणि ‘असणार’ दोन्ही त्याच्या पोटात. ‘जे द्यू आले आ लोपिताल’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘मला दवाखान्यात जावं लागलं’ असाही होतो आणि ‘मी दवाखान्यात गेलो असणार’ असाही होतो, कुठला ते पुढच्या-मागच्या बोलण्यावरून कळतं. इंग्रजीत मात्र त्याचे दोन वेगळे रस्ते आहेत, जावं लागलं तर ‘हॅड टू गो’ आणि अंदाज असेल तर ‘मस्ट हॅव गॉन’. मुलाने पुस्तकात वाचलं होतं की दव्वार म्हणजे मस्ट, आणि फ्रेंचमध्ये भूतकाळ ‘हॅव’ने होतो, मग मस्टला हॅव जोडलं, त्याच्या दृष्टीने हिशोब अगदी बरोबर. त्याला कुणीतरी एवढंच सांगायला हवं होतं की बाळा, मस्टला स्वतःचा भूतकाळच नाहीये, तिथे हॅड टू उसना घ्यावा लागतो.

आणि गंमत अशी की हा फरक मराठी माणसाला जन्मापासून येतो! ‘जावं लागलं’ आणि ‘गेला असणार’ यात आपल्याकडे पाच वर्षांचं मूलसुद्धा गोंधळत नाही. म्हणजे जे त्या मुलाला शिकवायचंय ते शिकवायला लागणारी समज या शहरात घराघरात आहे, फक्त ती कुणी वापरत नाही. माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं.

पुण्यात परदेशी मुलांसाठी इंग्रजीचे जे कोर्स चालतात, काही कॉलेजांत ब्रिज कोर्स म्हणून, काही खासगी क्लासेसमध्ये, तिथे सरसकट आपल्या मुलांसाठी बनवलेलं मटेरियल वापरतात. अप्पा बळवंत चौकात मिळणारी पुस्तकं, त्यातले तेच ‘चूक की बरोबर’ वाले तक्ते. ती पुस्तकं वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये, चांगली आहेत, पण ती मराठी आणि हिंदी बोलणारा कुठे चुकतो हे बघून लिहिलेली आहेत. फ्रेंच बोलणारा वेगळ्या ठिकाणी चुकतो. आणि काही ठिकाणी तर बरोबर उलटा चुकतो, म्हणजे औषधच आजाराच्या उलट दिलं जातं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे कंटिन्यूअस. आपण मराठीत ‘पाऊस पडतो’ आणि ‘पाऊस पडतोय’ असं वेगळं बोलतो, आपल्याला ‘तोय-तेय’ची इतकी सवय की इंग्रजीत आपण ते जास्तच लावतो, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नॉट नोइंग’. म्हणून आपली पुस्तकं कानीकपाळी ओरडतात की हॅव, नो, वाँट यांना आयएनजी लावू नका. बरोबरच आहे. पण फ्रेंचमध्ये पाऊस पडतो आणि पडतोय दोन्हीला एकच, ‘इल प्ल’. फारच मुद्दाम सांगायचं असेल की आत्ता या क्षणी चाललंय तर ‘आं त्रां द’ अशी लांबलचक रचना वापरतात, रोजच्या बोलण्यात गरज पडत नाही. त्यामुळे त्यांची मुलं आयएनजी मुळातच कमी वापरतात, दारात उभं राहून छत्री झटकत म्हणतात ‘इट रेन्स’, आणि समोरचा काय करतोय हे विचारायला म्हणतात ‘व्हॉट डू यू डू?’, मग ज्याला विचारलं तो आपला हुद्दा सांगायला लागतो. अशा मुलाला तुम्ही आपलं पुस्तक दिलं, की आयएनजी जपून वापरा, तर तो जे थोडंफार वापरत होता तेही सोडून देणार ना? आणि तेच झालंय, मादागास्करची मुलगी मला म्हणाली की क्लासमध्ये सांगितलंय म्हणून मी हल्ली ‘आय ॲम’ कमी केलंय. मी डोक्याला हात लावला. तिला जास्त हवंय, कमी नाही.

आता डू बद्दल, कारण तिथेच ही मुलं सगळ्यात आधी अडखळतात. ‘डू यू नो’, म्हणजे ‘तुला माहीत आहे का’, या एका प्रश्नात हा डू येतो कुठून, करतो काय, त्याचा अर्थ काय, हे कुणी सांगत नाही, फक्त पाठ करून घेतात. फ्रेंचमध्ये प्रश्न विचारायला क्रियापद आणि कर्ता यांची अदलाबदल केली की झालं, ‘पार्ले-व्हू’ म्हणजे शब्दशः ‘बोलता तुम्ही?’. म्हणून सुरुवातीला ही मुलं विचारतात ‘स्पीक यू मराठी?’ आणि क्लासमधली बाकीची हसतात. हसणाऱ्यांना हे माहीत नसतं की चारशे वर्षांपूर्वी इंग्रजही असंच विचारायचे. तेव्हाच्या इंग्रजीत ‘नो यू’ पण चालायचं आणि ‘डू यू नो’ पण, ‘आय नो नॉट’ पण आणि ‘आय डू नॉट नो’ पण, शेक्सपियरच्या नाटकांत दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी सापडतात. पुढे डू वाली तऱ्हा जिंकली आणि दुसरी मागे पडली. म्हणजे फ्रेंच मुलगा जे बोलतोय ते अडाणी इंग्रजी नाहीये, जुनं इंग्रजी आहे, आणि हे मी पहिल्याच रविवारी सांगते कारण हे ऐकलं की मुलांचे चेहरे बदलतात, आपण मूर्ख नाही हे कळतं आणि मग पुढचं शिकायला ती तयार होतात.

मग मी त्यांना त्यांच्याच भाषेतला ‘एस्क’ दाखवते. फ्रेंचमध्ये बोलताना प्रश्नाच्या सुरुवातीला ‘एस्क’ लावला की पुढचं वाक्य जसंच्या तसं ठेवून प्रश्न तयार होतो, आपण शेवटी ‘का’ लावतो ना, ‘तू येतोस का’, तसंच, फक्त तो आधी येतो. तर मी म्हणते डू म्हणजे तुमचा एस्क समजा, जागा तीच. फरक एवढाच की एस्क कधी बदलत नाही आणि डू बदलतो, कर्त्याप्रमाणे डझ होतो, काळाप्रमाणे डिड होतो. आणि एकदा त्याने काळाचं ओझं उचललं की मुख्य क्रियापद मोकळं, त्याला परत काही लावायचं नाही, ‘डिड यू वेंट’ नाही, ‘डझ ही नोज’ नाही.

इथेही मराठी किती कामाला येते बघा. मी जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत, तो जात नव्हता, ती जात नव्हती. यात ‘जात’ जागचं हलत नाही, सगळं ओझं नाही-नाहीस-नाहीत-नव्हता-नव्हतीने उचललंय. हेच तर ‘डझ नॉट गो, डिड नॉट गो’! ज्या दिवशी मला हे सुचलं त्या दिवशी मी फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी लिहिलं, आणि बुरुंडीची मुलगी, जी इथे दोन वर्षं राहून भाजीवाल्याशी बऱ्यापैकी मराठी बोलते, ती म्हणाली मॅडम म्हणजे इंग्रजी हे मराठीसारखंच आहे की. तिच्यापुरतं ते खरंच होतं, तिला तो नियम मराठीतून कळला, फ्रेंचमधून नाही आणि इंग्रजीतूनही नाही.

आता एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. फ्रेंच मुलांना इंग्रजी पेपर समोर ठेवला तर अवघड वाटणारे मोठमोठे शब्द त्यांना पटापट कळतात, गव्हर्नमेंट, जस्टिस, पॉसिबल, इम्पॉर्टंट, कारण १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि मग कित्येक पिढ्या दरबारात फ्रेंच चालली, त्यातून हजारो शब्द इंग्रजीत गेले. पण सहायक क्रियापदं? त्यातलं एकही फ्रेंचमधून आलेलं नाही. बी, हॅव, डू, कॅन, मे, मस्ट, शॅल, विल, सगळी जुन्या इंग्रजीतली, जर्मनच्या नात्यातली. म्हणून इथे जर्मन शिकलेल्या मुलांना बघा, कॅनला ‘कान’, मस्टला ‘मुस’, शॅलला ‘झोल’, असं नातं त्यांना लगेच सापडतं. फ्रेंचवाल्याला मोठे शब्द ओळखीचे आणि छोटे शब्द परके, आणि आपल्याकडे शिकवणारा धरून चालतो की मोठे येतात म्हणजे छोटे आलेच असणार, नाहीतर हा आळशीपणा करतोय. कित्येक मुलांच्या वह्यांवर मी ‘बेसिक ग्रामर वीक’ असा लाल शेरा बघितलाय. बेसिक कुणासाठी?

‘ही कॅन्स’, ‘ही मस्ट टू गो’ या चुका पण त्याच घरातल्या. फ्रेंचमध्ये ‘पुव्वार’ (म्हणजे कॅन) आणि ‘दव्वार’ ही साधी क्रियापदं आहेत, सगळ्या काळात, सगळ्या पुरुषांत चालतात, इतरांसारखीच. मग कॅनला एस का नाही, असं मुलं विचारतात, आणि उत्तर मिळतं ‘एक्सेप्शन आहे, पाठ करा’. खरं उत्तर असं आहे की कॅन, मे, शॅल, मस्ट यांची रूपं मुळात जुन्या भूतकाळाची आहेत, फार पूर्वी तो भूतकाळ वर्तमानासारखा वापरात आला, आणि इंग्रजीत भूतकाळाला ‘ही’बरोबर एस लागतच नाही, ‘ही केम्स’ म्हणतो का आपण? विल मागाहून त्यांच्यातच जाऊन बसलं. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात आणि ती चूक परत होत नाही, माझा अनुभव आहे.

बी आणि हॅवची गोष्ट तर मला फार जवळची. फ्रेंचमध्ये बहुतेक क्रियापदांचा भूतकाळ हॅवने होतो पण जाणं, येणं, पोचणं, निघणं, जन्मणं, मरणं अशी पंधरा-सोळा बीने होतात. आमच्या अकरावी-बारावीच्या मुलांनी ही यादी पाठ करता करता जीव टाकलेला असतो. तर ती मुलं इंग्रजीतही बी लावतात, ‘आय ॲम अराइव्ह्ड यस्टर्डे’. एकदा एका मुलाने होस्टेलच्या मावशींना, ज्यांना बऱ्यापैकी इंग्रजी येतं, सांगितलं ‘माय फादर इज गॉन’. वडील पुण्यात भेटायला आले होते आणि परत गेले, एवढंच त्याला सांगायचं होतं. मावशी रडायलाच लागल्या, त्याला जवळ घेतलं, दोन दिवस त्याचं ताट वेगळं वाढून ठेवलं. आपल्याकडे नुसतं ‘बाबा गेले’ आणि ‘बाबा गावाला गेलेत’ यात केवढं अंतर आहे, तेवढंच ते. ‘ही हॅज गॉन बॅक’ म्हणायचं, बॅक विसरायचं नाही, हे तो मुलगा आता जन्मात विसरणार नाही.

शाळेत ‘प्रयोग ओळखा’ करताना आपण कंटाळायचो ना, कर्तरी, कर्मणी, भावे? ती गेली, तो गेला, पण तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली, म्हणजे जाणं कर्त्याकडे बघतं आणि खाणं कर्माकडे. फ्रेंचमध्ये हुबेहूब नाही पण चुलतभाऊ शोभेल असा नियम आहे, जाणं-येणंवाली बीने होतात आणि कर्त्याचं लिंग घेतात, आणि हॅववाली कर्माकडे बघतात, तेही कर्म आधी आलं असेल तरच. मी लिहिलेली चिठ्ठी असेल तर ‘एक्रीत’ आणि मी चिठ्ठी लिहिली असं असेल तर नुसतं ‘एक्री’. इंग्रजी बिचारी यातलं सगळं टाकून बसलीय, रिटन म्हणजे रिटन. मुलांना जेव्हा कळतं की इथे इंग्रजीने त्यांचं काम कमी केलंय, तेव्हा त्यांना हायसं वाटतं.

काही चुका मात्र आपण आणि ते मिळून करतो, आणि त्या जास्त धोक्याच्या, कारण इथे कुणी पकडतच नाही. ‘मी तीन वर्षांपासून पुण्यात राहतो’ हे मराठीतही वर्तमानकाळात आणि फ्रेंचमध्येही, तिथे ‘दप्वी’ लावतात. मग ते म्हणतात ‘आय लिव्ह इन पुणे सिन्स थ्री इयर्स’, आपण म्हणतो ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स थ्री इयर्स’, आणि दोघेही एकमेकांना समजून घेऊन पुढे जातो. हवं असतं ‘हॅव बीन लिव्हिंग, फॉर थ्री इयर्स’. तसंच ‘मी त्याला कालच सांगितलंय’ हे आपल्याकडे चालतं, त्यांच्याकडेही काल आणि हॅव एकत्र बसतात, इंग्रजीत नाही बसत, काल आला की साधा भूतकाळ. आणि वाक्याच्या शेवटचं ‘इजंट इट’! आपला ‘ना’ कुठेही चालतो, येतोयस ना, जेवलास ना, होतं ना, आणि त्यांचा ‘नेस पा’ पण तसाच, आणि त्याचा शब्दशः अर्थही जवळजवळ ‘इजंट इट’च. मग पुण्यात सगळीकडे ‘यू आर कमिंग, इजंट इट’ ऐकलं की त्यांना वाटतं अरे हेच बरोबर. ‘आरंट यू’, ‘डोंट यू’, ‘हॅवंट यू’ असं प्रत्येक वेळी आधीचं सहायक शोधून उलटं करायचं असतं हे त्यांना इथल्या रस्त्यावर कधीच ऐकू येणार नाही. म्हणून शिकवणाऱ्याने आधी स्वतःचं तपासावं, मीही तपासलं, मी स्वतः कित्येक वर्षं वर्गात ‘सिन्स टू अवर्स’ म्हणत होते आणि ते फ्रेंच शिकवताना माझ्या लक्षात आलं.

आता संपादक साहेब, खास तुमच्या धंद्यातलं उदाहरण. तुम्ही छापता ना, मंत्री राजीनामा देणार असल्याचे समजते, किंवा बोलताना आपण म्हणतो, आजारी आहेत म्हणे. फ्रेंच पेपरमध्ये हे ‘समजते’ आणि ‘म्हणे’ क्रियापदाच्या रूपातच घालतात, जे रूप एरवी ‘वुड’साठी वापरतात तेच. मुलं ते जसंच्या तसं इंग्रजीत आणतात, ‘द मिनिस्टर वुड बी इल’. आयव्हरी कोस्टचा मुलगा जर्नलिझम करतोय, त्याने असाइनमेंटमध्ये असं लिहिलं आणि मास्तरांनी समासात विचारलं ‘इफ व्हॉट?’. म्हणजे कशाने आजारी पडतील, कुठल्या अटीवर? त्याला ‘इज रिपोर्टेडली इल’ असं म्हणायचं होतं. ही चूक कुठल्याही मराठी मुलासाठीच्या पुस्तकात सापडणार नाही कारण मराठी मुलगा ती करूच शकत नाही, आपला ‘म्हणे’ वेगळा शब्द आहे.

आणि एक छोटीशी गोष्ट, मला फार आवडते म्हणून सांगते. कुणी नकारार्थी विचारलं, ‘तू येत नाहीयेस?’, तर आपण म्हणतो ‘येतोय की!’. हा ‘की’ फ्रेंचमध्ये आहे, ‘सी’, खास नकाराला खोडून काढायला ठेवलेला होकार. इंग्रजीत तो शब्दच नाही. तिथे ते काम कोण करतं? सहायक क्रियापद. ‘येस, आय ॲम’, ‘येस, आय डू’, आणि त्यावर जोर देऊन. मुलं नुसतं ‘येस’ म्हणतात आणि समोरच्याला कळत नाही की हो म्हणजे येतोय की हो म्हणजे येत नाहीये. मी सांगते, जिथे सी येईल तिथे येस म्हणून थांबायचं नाही, मागून सहायक आणायचं.

ऐकण्याचंही आहेच, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगमध्ये बोलणारे ‘आय हॅव’चं ‘आय्व’ करतात, ‘ही वुड’चं ‘हीड’ करतात, कॅन तर एवढं दाबतात की ‘क्न’ एवढंच उरतं. फ्रेंच आणि मराठी दोन्हीत आपण प्रत्येक अक्षर नीट मोजून बोलतो, त्यामुळे दोघांनाही ते गिळलेलं ऐकू येत नाही. यावर सरावाशिवाय उपाय नाही, पुढे जाते.

एक सांगायलाच हवं. आपण या मुलांना ‘फ्रेंच’ म्हणतो, मीही वर म्हटलं, पण यातल्या बहुतेकांच्या घरात फ्रेंच बोलत नाहीत. काँगोच्या मुलाची लिंगाला, बुरुंडीच्या मुलीची किरुंडी, मादागास्करची मालागासी. फ्रेंच ही त्यांची शाळेची भाषा, इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी, आणि पुण्यात हिंदी-मराठी ही त्यावर. त्यांच्या देशांतही वारं बदलतंय, रवांडाने शाळेचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजी केलं आणि २००९ मध्ये तो देश कॉमनवेल्थमध्ये आला, बुरुंडीने २०१४ मध्ये इंग्रजीला राजभाषेचा दर्जा दिला, २०२२ मध्ये गॅबॉन आणि टोगो कॉमनवेल्थमध्ये आले. म्हणजे इंग्रजी शिकायला येणारी अशी मुलं पुढेही येत राहणार.

मग करायचं काय. मला नवी संस्था नकोय आणि ग्रँट नकोय. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, सेनापती बापट रस्त्याजवळ पत्रकारनगरला फ्रेंच शिकवणारी आलियाँस फ्रान्सेज आहे, आणि शहरातल्या कितीतरी ज्युनिअर कॉलेजांत अकरावी-बारावीला मार्क चांगले पडतात म्हणून मुलं फ्रेंच घेतात. म्हणजे फ्रेंचचं व्याकरण हातात असलेली माणसं पुण्यात भरपूर. जी कॉलेजं परदेशी मुलांकडून फी घेतात त्यांनी पहिल्या महिन्यात, फक्त फ्रेंच माध्यमातून आलेल्या मुलांसाठी, सहायक क्रियापदांचे दहा तास ठेवावेत आणि ते फ्रेंच येणाऱ्या शिक्षकाकडून घ्यावेत, एवढीच मागणी आहे. आपल्या आधीच्या पिढ्या मराठी-इंग्रजी भाषांतराच्या पाठमाला घेऊन इंग्रजी शिकल्या, वाक्य आपल्या भाषेतलं आणि समोर इंग्रजी, आणि भक्कम शिकल्या. या मुलांना तेच हवंय, फक्त डावीकडच्या रकान्यात फ्रेंच.

शिवाय बारावीची फ्रेंचवाली मुलं आणि ही मुलं एकत्र बसवा. मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत करून बघितलं, माझ्या शेजारच्या दोन मुलींना एत्र-आव्वारची, म्हणजे वर सांगितलेली बी आणि हॅवची, यादी पाठ होत नव्हती, काँगोच्या मुलाला हॅड टू येत नव्हतं. तीन सकाळी एकमेकांना शिकवलं. मुलींना यादी आली, आणि शिवाय फ्रेंच बोलणारा जिवंत माणूस पहिल्यांदा भेटला, एरवी त्यांची फ्रेंच फक्त पेपर लिहिण्यापुरती.

आणि ऑफिसात बसलेल्या मंडळींना हात जोडून विनंती, वाक्य विचित्र वाटलं तर शेरा मारायच्या आधी एकदा विचारा की तुला नक्की काय म्हणायचंय. डिस्चार्जचे कागद बघा. मुलगा तिथे उभा असतो.

जागेअभावी पत्र कापावं लागलं तर शेक्सपियर आणि नॉर्मन लोकांचा भाग खुशाल कापा, पण ‘मस्ट हॅव गॉन’ची गोष्ट ठेवा, कारण त्याचा सुधारलेला अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहून परत दिलाय, त्यात ‘आय हॅड टू गो’ असं स्वच्छ लिहिलंय, दवाखान्याचे कागद जोडलेत, आणि त्या चार दिवसांची हजेरी अजून लागलेली नाही.

आपली,
एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका
सदाशिव पेठ, पुणे